कापलेलं गाणं

भाकरीचा घास तोंडात होता तेवढ्यात पडद्यावरच्या नायकाने नायिकेचा हात धरला आणि दोघं कडब्याच्या गंजीकडे पळाली. ज्ञानूने ताट बाजूला सारलं, उठला आणि खरकट्या हातानेच केबलचं बटण बंद केलं. अख्ख्या कारेगावच्या टीव्हीवर मुंग्या आल्या.

कोपऱ्यात पाटी-दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या प्रगतीने त्याच्याही आधी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"फिरू का आता, आप्पा?"

"थांब जरा."

ज्ञानूसमोरचा छोटा टीव्ही मात्र चालूच होता. त्याला बघावंच लागे. बघितल्याशिवाय ते संपलं कधी हे कळणार कसं? गंजीवरून कॅमेरा आभाळात गेला, पाखरं उडाली, आणि ज्ञानूने बटण सुरू केलं. घास गिळायच्या आत फोन वाजला.

"ज्ञानू, हौसराव बोलतोय. उशीर केलास लेका. हात धरला तवाच कापायचं. हितं माझा नातू डोळं फाडून बसलाय."

"चुकलं, मामा. जेवत व्हतो."

"जेवणं मागनं कर की."

तो फोन ठेवला तर दुसरा. भाड्याच्या खोल्यांमधून कुणी कामगार कावला होता. "भैया, पैसा पूरा लेते हो, और पिक्चर आधा दिखाते हो?"

ज्ञानूने तोही ऐकून घेतला. भाकरी तोवर गार झाली होती.

आनंदरावांच्या चाळीच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, बाहेर तीन डिश, आत रिसीव्हरांची मांडणी. रांजणगावला कंपन्या आल्या तशा कारेगावात खोल्या उठल्या, खोल्यांत माणसं आली आणि माणसांना संध्याकाळी टीव्ही लागू लागला. आनंदरावांनी केबल टाकली. ज्ञानूच्या बापाची मेंढरं तोवर निम्म्याहून अधिक विकून झाली होती. खांबावर सरसर चढणारा हा धनगराचा पोर आनंदरावांनी हाताशी धरला, आणि पुढे वायरी ओढणारा ज्ञानू खोलीत बसून चॅनल सांभाळू लागला. कंपनीतल्या ठेकेदाराच्या कामापेक्षा हे बरं, असं त्याला वाटायचं. वरून गाव दिसायचं, वारा लागायचा.

हे कापायचं काम मात्र नंतर आलं. एका रविवारी आनंदराव सहकुटुंब जेवायला बसले होते. म्हातारी आई, बायको, आठ वर्षांची लेक सुलक्षणा. टीव्हीवर पिक्चर चालू होता. मध्येच असं काही आलं की घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या ताटातली आमटी निरखू लागलं. रिमोट म्हातारीच्या मांडीखाली गेला होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही. दुसऱ्या दिवशी आनंदराव गच्चीवर आले.

"ज्ञानू, हितनं पुढं वंगाळ काय आलं की कापायचं."

"वंगाळ म्हंजी कसं ओळखू, आण्णा?"

आनंदरावांनी खोलीभर नजर फिरवली. मग कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या प्रगतीकडे बोट करून म्हणाले, "तुझ्या पोरीनं बघू नये ते वंगाळ. झालं?"

ज्ञानूला हे माप पटलं. पण त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन पडेना. लघवीला गेला तरी कान खोलीकडे. बिडी पेटवली तर नजर पडद्यावर. आणि माप एकाचं दुसऱ्याला लागू पडेना. कंपनीतल्या मद्रासी साहेबाची बायको म्हणायची, मिठी मारली तर मारू द्या, ती मारामारी आणि रक्त कापा, मुलगा झोपेत दचकतो. हौसरावांना रक्ताचं काही नव्हतं. त्यांना सरकारची एड्सची जाहिरात नको होती. ती कापली तर आरोग्य केंद्रातल्या सुषमा सिस्टर जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर मुद्दाम दाखवायची असते!" ज्ञानूने सगळ्यांना हो म्हटलं. मग रात्री झोपेतही त्याचा उजवा हात उशाशी काहीतरी शोधायचा.

गिताबाई, त्याची बायको, कंपनीला माल पुरवणाऱ्या एका शेडमध्ये पॅकिंगला जायची. शाळा सुटली की प्रगतीला बघणारं घरी कोणी नसे, म्हणून ती गच्चीवर येई. सारा गाव वंगाळापासून वाचावा म्हणून जिथे बसायचं, तिथेच आपली पोर बसते, हे ज्ञानूला कळत नव्हतं असं नाही. तो तिला म्हणे, "तोंड फिरव." सुरुवातीला सांगावं लागे. पुढे पुढे संगीत जरा हळू झालं की तिला आपसूक समजायचं.

त्याची आई दगडाबाई इनामगावच्या बाजूला वस्तीवर राहायची, उरलेली चार मेंढरं घेऊन. दिवाळीत सगळे तिकडे गेले असताना एक मेंढी व्यायला झाली. ज्ञानूने सवयीने पोरीचे डोळे झाकले, तर दगडाबाई त्याच्यावरच डाफरली, "ए, सोड तिला. पोरी, पाणी आण तांब्याभर." प्रगतीने पाणी आणलं, ओलं कोकरू पोत्याने पुसलं, आणि कोकरू पोटात कुठून गेलं हेही विचारलं. दगडाबाईने चूल फुंकता फुंकता सांगून टाकलं. पोरगी "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली.

तीच दगडाबाई एकदा गच्चीवर लेकाचं काम बघायला आली. पडद्यावर एक नाच चालू होता. तिने थोडा वेळ पाहिलं, पदर तोंडावर ओढला आणि जिना उतरू लागली.

"आये, काय झालं? मेंढरांचं तुला काय वाटत न्हाई, आन् ह्येचं वाटतं व्हय?"

"मेंढरू लपवत न्हाई, आन् दावत बी न्हाई," म्हातारी पायरीवर थांबून म्हणाली. "ही दावत्यात."

 ज्ञानूने वळून बटण बंद केलं. तो नाच त्यानंतर त्या चॅनलवर जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा त्याने कापला.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग ठरलं. आनंदराव शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी यंदा कार्यक्रम थेट केबलवर दाखवायचं मनावर घेतलं. ज्ञानूने दोन दिवस राबून शाळेच्या मैदानापासून गच्चीपर्यंत वायर ओढली. प्रगतीही नाचात होती. कुठलं गाणं म्हणून विचारलं की ती तोंडावर हात ठेवायची.

"सरप्राईज हाय. बाईंनी सांगायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

गिताबाईला दुसरी पाळी होती. बदलून मिळेना. तिने सुपरवायझरच्या हातापाया पडून थोडी सुट्टी मागून घेतली, शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही होता तिथे बघायला. जोडीच्या चार बायका पण येणार होत्या.

"माझ्या पोरीचा डान्स नीट दिसू द्या हं," निघताना ती म्हणाली. "मुंग्या आणू नका."

"माझ्याच हातात हाय की सगळं," ज्ञानू हसून म्हणाला.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या खुर्च्यांवर आनंदराव, हौसराव, कमिटीची मंडळी. पाहुण्यांना दिसावा म्हणून मंचाच्या कडेला एक टीव्ही ठेवलेला. ज्ञानू मंचाखाली वायरीच्या जोडापाशी उकिडवा बसला होता. स्वागतगीत झालं, लेझीम झालं. मग चकचकीत घागरे घातलेल्या, गालाला लाली आणि ओठांना रंग लावलेल्या पोरी आल्या. पुढे सुलक्षणा, तिच्या मागे प्रगती. ती बापाला शोधत होती. दिसल्यावर हसली.

गाणं वाजलं.

पहिल्या ठेक्यालाच ज्ञानूने ते ओळखलं. तेच गाणं. ज्याच्यामुळे म्हातारी जिना उतरली होती ते. शब्द बाजारू होते, गणपतीत दारू प्यालेली पोरं ज्यावर शिट्ट्या मारतात तसे. आणि पोरी ते शब्द पाढ्यासारखे म्हणत, बाईंनी बसवल्याबरहुकूम हात हलवत होत्या. त्यांना पुढची पायरी चुकू नये एवढीच काळजी होती. मागून शिट्टी आली. हौसरावमामा मान डोलावत टाळ्या देत होते.

ज्ञानूने इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी उठेल असं त्याला वाटलं. बायाबापड्या लेकरांना उचलून दाखवत होत्या. त्याचा उजवा हात वायरीकडे गेला. टपरीवर उभी असलेली गिताबाई त्याच्या डोळ्यापुढे आली, आणि तिच्यासोबत टपरीवरची बाकीची गिऱ्हाइकंही. त्याने पिन उपटली.

मंचाकडेच्या टीव्हीवर मुंग्या आल्या. पोरी नाचतच होत्या. आनंदराव उठून आले.

"काय रं, पिन निसटली का?"

व्हय म्हटलं असतं तर भागलं असतं. त्यांनीच उत्तर आयतं दिलं होतं.

"न्हाई, आण्णा. मी काढली."

"काढली? का?"

"तुम्हीच म्हणला व्हता. माझ्या पोरीनं बघू नये ते कापायचं."

आनंदरावांना क्षणभर काही उमगेना. मग त्यांचा चेहरा तांबडा झाला. "अरं, पिच्चर हाय का ह्यो? लेकरं हायती ती! त्यांना काय कळतंय त्यातलं? घरी माझी आई बसलीय नातीला बघायला. लाव ती पिन."

"त्यांना कळत न्हाई, आण्णा, म्हणूनच तर—"

  आनंदरावांनी त्याच्या हातातून वायर हिसकली आणि स्वतः जोडली. तोवर गाणं संपलं होतं. मैदान टाळ्यांनी दणाणलं आणि टीव्हीवर रिकामा मंच दिसू लागला.

"उद्यापासनं येऊ नको," आनंदराव हळू आवाजात म्हणाले आणि हसऱ्या चेहऱ्याने खुर्चीकडे परत गेले.

घरी आल्यावर गिताबाई ओरडली नाही. चप्पल काढता काढता एवढंच म्हणाली, "सगळ्या बाया इचारत व्हत्या, गिता, तुझी कुठली? मी आपली त्या मुंग्यांकडंच बघत उभी."

"गाणं वंगाळ व्हतं."

"मला कुठं गाणं बघायचं व्हतं, अवो?"

प्रगती गालावरची लाली ओल्या फडक्याने पुसत होती. तिने आरशातून बापाकडे पाहिलं.

"आप्पा, मी वंगाळ नाचले?"

"न्हाई गं. तुझं न्हाई... ते गाणं."

"मग सगळ्यांनी टाळ्या का वाजवल्या?"

 फडकं लाल झालं तरी ती पुसतच होती. शेवटी गिताबाईने तिच्या हातातून ते काढून घेतलं.

पुढचे काही दिवस ज्ञानू रांजणगावच्या फाट्यावर ठेकेदारांच्या गाडीची वाट बघत उभा राहिला. कधी काम मिळालं, कधी नाही. गावात कुणी म्हणालं, बरं केलंस. कुणी म्हणालं, डोकं फिरलंय. गच्चीवर आनंदरावांनी दुसरा माणूस बसवला. तो काहीच कापत नसे, आणि हौसराव त्यालाही फोन करत. प्रगती शाळेत जायची, यायची. बापाशी बोलायची, पण नाचाचं नाव नाही.

गुरुवारी कंपन्या बंद, म्हणून गिताबाई घरी होती. दुपारची भांडी घासून झाली, प्रगतीही शाळेतून आली. तिने हात पुसले आणि पोरीला जवळ घेतलं.

"मला दाव की गं तुझा डान्स. मी बघितलाच न्हाई."

प्रगती अंगठ्याने फरशी उकरत उभी राहिली. मग आईच्या कानाशी गेली. पण खोली केवढीशी. ज्ञानूला ऐकू आलंच.

"आप्पा भाईर गेल्यावर."

गिताबाईने त्याच्याकडे पाहिलं. ज्ञानू उठला. खुंटीवरचा सदरा अंगात घातला, चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेऊन चाळीच्या पायरीवर जाऊन बसला. समोर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. आत गाणं नव्हतं. पोरगी तोंडाने ठेका धरत होती, पैंजण वाजत होते, मध्येच चुकून थांबत होते, आणि गिताबाई म्हणत होती, "न्हाई चुकलं, पुढं कर."

ज्ञानू तिथेच बसून राहिला, दाराकडे पाठ करून, पैंजण थांबेपर्यंत.