वळ उठवणारा बॅटन

मित्रांनो, मी रिले शर्यतीतला एक जुना बॅटन आहे. फूटभर लांबीची, आतून पोकळ अशी ॲल्युमिनियमची नळी. चार धावपटू मला एकमेकींकडे सोपवत धावतात. कारखान्यातून मी एका छोट्या देशाच्या मैदानावर आलो.

तेव्हा पदके ठरल्यासारखी तीन मोठ्या देशांकडेच जात. त्यांच्याकडे डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या. आमच्याकडे चार मुली आणि एक सर. ही तफावत माराशिवाय भरून निघणार नाही, असे सर म्हणत. तो मार ते माझ्यानेच देत. वेळ हुकली की पोटऱ्यांवर, चूक झाली की पाठीवर. वळ फुटून रक्त आले की सर मला गवतावर पुसत.

चौघींपैकी दोघी सख्ख्या बहिणी होत्या. शेवटचा टप्पा धाकटी धावायची, तिच्या आधीचा तिची ताई. जागतिक स्पर्धेच्या आठवडाभर आधी धाकटीच्या हातून मी निसटलो. सरांनी मला उचलून तिच्या डोक्यावर हाणले. ताईने मध्ये हात घातला. तिचे मनगट कडकन मोडले. डॉक्टरकडे जायला सरांनी मनाई केली.

ताई तशीच धावली. चांगल्या हाताने तिने मला धाकटीकडे दिले आणि आमचा संघ तिसरा आला. देशाचे पहिलेच पदक! एक मोठा देश चौथ्या क्रमांकावर गेला. मलाही अभिमान वाटला, हे सांगताना आज लाज वाटते.

दोन महिन्यांनी झालेल्या सत्कारात इतर छोट्या देशांच्या प्रशिक्षकांनी सरांना यशाचे गुपित विचारले. त्यांनी हसत मला उंच धरले. सभागृहही हसले. तेव्हा ताईने उठून मनगटावर स्वतःच बांधलेली पट्टी सोडली. मनगट वाकडेच जुळले होते.

"सर, पदक तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "माझी बहीण मी घेऊन जाते."

सर मला उगारून तिच्या अंगावर धावले. धाकटीने मला हिसकावले आणि त्यांच्या तोंडावर हाणले. दोन दात पडले. तिने पुन्हा हात उचलला.

"पुरे," ताई म्हणाली. "टाक तो."

मी जमिनीवर पडलो. सरांची नोकरी गेली. बहिणी पुन्हा धावल्या नाहीत. पुढच्या वर्षी पदके त्याच तीन देशांकडे गेली. मी आता एका पेटीत पडून असतो.

मित्रांनो, मोठ्यांशी बरोबरीची ईर्षा जरूर धरा. पण पदकाला टाळ्या वाजवण्याआधी, ते आणणाऱ्या मुलीचा हात एकदा हातात घेऊन बघा.