दोन अडतीस

मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो. मागे सरकू नका, माझ्या पोटात आता काहीच नाही. लोक मला घाबरतात. पण मी स्वतः एका दुपारी किती घाबरले होते, ते आज तुम्हाला सांगते.

विलायतेतल्या एका कारखान्यात मी जन्मले. माझ्या नळीचे माप अडतीस. दुसऱ्या महायुद्धात एका साहेबाच्या कमरेला लटकले, त्याच्या शाबासक्या ऐकल्या आणि मग या हातातून त्या हातात जात १९६४ साली दुबईला पोहोचले. खाडीच्या काठी, बर दुबई नावाच्या भागात, याकूब नावाच्या माणसाच्या घरी माझा मुक्काम पडला.

याकूब मूळचा दाभोळचा. एका व्यापाऱ्याच्या घड्याळांचे गोदाम तो सांभाळायचा. खाली गोदाम, वर तो आणि त्याची बायको शहरबानू. माणूस सालस, कष्टाळू, पण भित्रा. आणि त्याच्या भीतीला कारणही होते. तिथे उन्हाळ्यात दुपारी बाजार बंद होतो, गल्लीत चिटपाखरू नसते. अशाच एका भर दुपारी शेजारचे गोदाम फुटले आणि तिथले म्हातारे पहारेकरी तय्यबचाचा रक्तबंबाळ होऊन पायरीवर पडलेले सापडले. चोर मात्र सापडले नाहीत.  तेव्हापासून याकूब जेवता जेवता तीनदा उठून कडी बघायचा.

शेवटी त्याने जहूरला बोलावले. जहूर त्याचा मावसभाऊ, शारजाच्या फौजी तळावर हत्यारांच्या कोठारात कामाला. ओळखीच्यांकडून जमवलेल्या आम्हा चार हत्यारांना तो कापडात गुंडाळून घेऊन आला आणि चटईवर ओळीने मांडले.

"हे बावीस. आवाज कमी, धक्का नाहीच, गोळ्या स्वस्त. शिकायला एकदम फर्स्ट क्लास. पण याच्या भरवशावर घर सोडू नकोस. हे बत्तीस. खिशात मावतं, पण जोर जेमतेम. हे पंचेचाळीस. समोरचा नक्की थांबेल, पण त्याआधी तुझं मनगट जाईल." मग त्याने मला उचलले. "हे अडतीस. तुझ्या हाताला झेपेल. सराव बावीसवर कर, घरात अडतीस ठेव. पण हबीबी, महिन्यातून एकदा तरी याचाही बार काढ. न चालवलेलं हत्यार घरात ठेवायचं नाही. आणि गोळ्या बाजारातून घे, फौजेच्या मला देता येत नाहीत."

शहरबानू दारात उभी होती. ती म्हणाली, "चोर येईल तेव्हा येईल. हे मात्र रोज घरात राहणार."

याकूबने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि मला व बावीसला ठेवून घेतले. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन त्याने "अडतीसच्या गोळ्या" मागितल्या. मला बरोबर नेले नाही. अडतीस म्हणजे अडतीस, त्यात बघायचे काय? दुकानदाराने डबी दिली, याने घेतली, खलास.

दर शुक्रवारी नमाजनंतर तो रेताडात जाऊन बावीसने दुधाचे रिकामे डबे पाडायचा आणि छाती फुगवून घरी यायचा. मी कपाटात, गोधड्यांखाली. एकदाच त्याने मला रेतीत नेले. पण माझे वजन हातात येताच त्याला घाम फुटला आणि एकही गोळी न भरता त्याने मला परत गुंडाळले. मला राग आला नाही. उलट मला भीती वाटली, कारण तो हात मी ओळखला होता. थरथरणारा हात नेम धरत नाही, नुसता चाप ओढतो.

मग ती दुपार आली. बाहेर धुळीचा वारा सुटला होता. मागच्या जिन्यावर पावले वाजली. सावकाश, चाचपडत. कडी लावायची त्या दिवशी राहिली होती. दार करकरले आणि कोणीतरी व्हरांड्यात शिरले.

याकूबने कपाट उघडून मला ओढून काढले. शहरबानूला पाठीशी घेतले आणि ओरडला, "मिनू?"

तिकडच्या अरबीत मिनू म्हणजे कोण. चोर म्हणजे परका, आणि परक्याशी अरबीतच बोलायचे, एवढेच त्याच्या डोक्यात.

उत्तर आले नाही. पावले मागे सरकली आणि पाण्याच्या रांजणाआड कोणीतरी दडले.

"मिनू?" त्याचा आवाज चिरकला. दडतोय म्हणजे चोरच!

त्याने मला मधून उघडले आणि पहिली गोळी भरली. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. गोळी निम्मी आत गेली आणि अडकली. दुसरी भरली, तीही अडकली. गोळ्यांची बुडे बाहेर राहिली, मी मिटेना. तो मला गुडघ्यावर दाबू लागला.

"या अल्ला, बसत नाही! शहरबानू, तू आत जा, कडी लाव!"

रांजणाआडून बारीक आवाज आला, "दुलाभाई? मी मुश्ताक! आपाचा मुश्ताक!"

तो शहरबानूचा धाकटा भाऊ होता. सकाळीच मुंबईच्या बोटीतून उतरला होता. त्याचे पत्र अजून वाटेतच होते. धुळीमुळे तोंडाला फडके बांधलेले.

"आवाज का नाही दिलास?" याकूब कसाबसा म्हणाला.

"तुम्ही मिनूला हाक मारत होता. मला वाटलं, परक्याच्या घरात शिरलो, आणि मिनू म्हणजे इथली बाई. शरमेनं दडलो."

शहरबानू हसली. हसता हसताच तिचे हसणे थांबले आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

गोळ्या बसत नाहीत हा निरोप मिळताच संध्याकाळी जहूर आला. डबी बघून त्याने कपाळावर हात मारला. "याकूबभाई, अडतीस दोन असतात. ही अमेरिकी, लांब. याला विलायती, आखूड लागते. नाव एक, माप वेगळं." अडकलेल्या दोन्ही गोळ्या काढून, समजावायला आणलेली आखूड गोळी त्याने माझ्यात सोडली. ती गुळगुळीत आत गेली. टक्‌ करून मी मिटले.

 मुश्ताक माझ्याकडे बघत राहिला. दुपारी मी इतक्याच सहज मिटले असते, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले होते.

"काढ ती," शहरबानू म्हणाली. "आणि हे घेऊन जा."

जहूर मला घेऊन गेला. मग कितीतरी वर्षे मी कुलपात गंजत पडले. साहेबाच्या शाबासक्या मी विसरले. पण ज्या दुपारी मी निकामी ठरले, ती मात्र विसरले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे काही कुठे दिसले तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. मोठे झालात आणि असले काही सांभाळायची वेळ आली तर त्याचे माप, त्याची गोळी आणि स्वतःचा हात, तिन्ही नीट ओळखा, आणि ते कुलपात ठेवा. दाराशी पाऊल वाजले तर आपल्या भाषेत विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. मुश्ताकलाही उत्तर द्यायला वेळ लागला होता.