पुढचा पाय झिजलेलं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. बुटकं, तीन पायांचं, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं. सर्बियातल्या द्रागाचेवोच्या टेकड्यांवर घरोघरी माझी भावंडं सापडतील. जमीन कितीही खडबडीत असो, तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही. तरीही माझा पुढचा पाय चांगला दोन बोटं झिजला आहे. तो कसा झिजला हे घरच्या म्हातारीला, स्तानियाला, पक्कं ठाऊक होतं, आणि तिनेच मला ओळख दाखवली नाही.

मला तिच्या नवऱ्याने, ओब्रेनने, स्वतःच्या हातांनी घडवलं. स्वस्थ बसणं या माणसाच्या नशिबातच नव्हतं. माझ्यावर बसला की मागे रेलायचा, माझा पुढचा पाय उचलायचा आणि खाली सोडायचा. ठक. मग लगोलग ठक-ठक. दूध काढताना, कणसं सोलताना, दिवसभर हेच. एक काम हातात घ्यायचा आणि तिसऱ्याच्या मागे लागायचा. पण आलुबुखाराच्या झाडांवर कलमं बांधायला बसला की त्याला जेवणाचीही शुद्ध नसे. ताटाजवळचा चमचा वाकडा ठेवलेला दिसला तर तो घास घ्यायचा नाही. कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचा नाही. गाव त्याला हसायचं. मला मात्र तशी माया पुन्हा कुणी लावली नाही.

इकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, आणि तो बापाकडून मुलाकडे वारशाने येतो. त्याच्या सणाला, म्हणजे स्लावाला, पाहुणे न बोलावता येतात. घरधन्याने दिवसभर उभं राहून त्यांचं आगतस्वागत करायचं, बसायचं नाही, असा रिवाज. ओब्रेनला ती गर्दी सोसत नसे. मेणबत्ती लावली की तो मला काखेत मारून कोठीत दडी मारायचा. स्तानिया पाहुण्यांना सांगायची, "गाय व्यायला झालीय, तिकडे गेलेत." दर स्लावाला नेमकी व्यायला होणारी ती गाय साऱ्या गावाला पाठ होती. ठकठक फारच वाढली की स्तानिया कोठीच्या भिंतीवर हात आपटून म्हणायची, "ओब्रेन, पुरे आता. माणसं आलीत घरात."

ओब्रेन गेला. स्तानियाने मला सरपणाच्या खोपटात उलटं टाकलं. मला वाटलं, दुःखाने टाकलं असेल.

पुढे नातवंडं झाली. मुलाची, बोयानची लेक यागोदा उशिरा बोलायला लागली. आलुबुखाराच्या बिया एका ओळीत मांडत बसायची आणि ओळ मोडली की आकांत करायची. स्तानियाच्या मुलीचा मुलगा रेल्या तर क्षणभर एका जागी ठरत नसे. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. यागोदाला स्वमग्नता आणि रेल्याला अतिचंचलता असल्याचं सांगितलं.

नेवेनका, म्हणजे यागोदाची आई, हे सांगायला सासूच्या मागोमाग खोपटात आली. "आई, बाई म्हणाल्या, नावं दोन असली तरी दोन्हींमागचे बरेच आनुवंशिक घटक सारखेच असतात. एकदोन नाही, कितीतरी, बारीकबारीक. म्हणून एकाच घराण्यात एक पोर असं, दुसरं तसं निघू शकतं. दोष कुणाचाच नसतो. मागच्या पिढीत असं कुणी होतं का, असं विचारत होत्या."

"आमच्यात?" स्तानिया लाकडं उचलत म्हणाली. "आमच्यात असलं कुणी नव्हतं. रेल्या नुसता द्वाड आहे, मोठा झाला की येईल ताळ्यावर. पोरीचं म्हणशील तर आपल्या माहेरी जाऊन बघ. तुझा तो मामा कुठे शहाणा आहे?"

बोयान तिथेच लाकडं फोडत होता. लहानपणी तो माझ्या ठकठकीवर झोपायचा. नेवेनकाने त्याच्याकडे पाहिलं. मान खाली घालून तो म्हणाला, "आई म्हणते तसंच असेल."

मित्रांनो, मी त्याच्या पायाशीच पडलं होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलं असतं.

"स्लावा होऊ दे," नेवेनका म्हणाली. "मग मी यागोदाला घेऊन माझ्या आईकडे जाते. आरोप डोक्यावर घेऊन मी इथे राहणार नाही."

स्लावाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. यागोदा कानांवर हात ठेवून कोठीत शिरली. रेल्या सरपणाच्या ढिगावर उड्या मारत होता, त्याला मी सापडलं. मला ओढत कोठीत नेऊन तो म्हणाला, "घे, बस." यागोदा बसली. मागे रेलली. ठक. मग ठक-ठक. तिला कुणी शिकवलं नव्हतं. रेल्या दारावर बोटांनी ताल धरू लागला.

बाहेर स्तानिया पाहुण्यांना कोबीच्या पानातले खिम्याचे उंडे वाढत होती. हात थांबला नाही, मान वळली नाही. सवयीने भिंतीवर थाप मारून ती म्हणाली, "ओब्रेन, पुरे आता. माणसं आलीत घरात."

सगळे घास जागच्या जागी राहिले. एका म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

नेवेनकाने तबक खाली ठेवलं. तिने सासूला काही विचारलं नाही. बोयानला विचारलं, "तुलाही ऐकू यायचं ना हे, लहानपणी?"

बोयान खाली बसला. त्या घरातल्या घरधन्याला स्लावाला सगळ्यांदेखत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "यायचं," तो म्हणाला.

"जन्मभर हसले गं लोक त्याला," स्तानिया पुटपुटली. "आता पोरांनाही हसतील, म्हणून बोलले नाही."

"आणि त्याऐवजी माझ्या माहेराला हसलेलं चाललं तुम्हाला?" नेवेनका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवेनका आईकडे निघाली. एका हातात यागोदाचा हात, दुसऱ्या हातात मी. "स्टूल कशाला?" बोयानने विचारलं. "तिच्या आजोबांचं आहे," ती म्हणाली. "संतासारखं हेही वारशानेच आलंय."

मित्रांनो, मला तेल लावा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, झिजायचंच. पण ज्या माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलात, त्याला चारचौघांत ओळख दाखवा. मला सरपणात टाकलं त्याचं मला फार वाटत नाही. त्यांनी ओब्रेनला टाकलं, त्याचं वाटतं.

आता मी नेवेनकाच्या आईच्या घरी असतं. बोयान दर रविवारी तिथे येतो आणि दारातच उभा राहतो. गेल्या खेपेला यागोदाने मला त्याच्यापुढे सरकवलं. तो बसला. मी त्याचा भार उचलला, कारण ते माझं कामच आहे. माफ केलंस का, असं मात्र मला विचारू नका.