वाचले व समजले

दुपारी दोन वाजता प्रविण लिपिकाच्या कॉम्प्युटरने अंग टाकलं. पडदा काळा, आणि त्यावर पांढरी एकच ओळ: चालू व्हायला डिस्क सापडत नाही. पाचच्या आत बारावीच्या बासष्ट पोरांचे तोंडी परीक्षेचे मार्क ऑनलाइन जायचे होते. मार्क ह्याच मशीनमध्ये होते. कागद प्रविणनेच फाडले होते, मार्क फुटू नयेत म्हणून.

चूक प्रविणची, पण पद्धत ऑफिसची. केजजवळच्या त्या कॉलेजात कुठलाही कागद आला की 'वाचले व समजले' लिहून सही करायची आणि कागद पुढे सरकवायचा. वाचत बसलं तर काम कधी करणार? सकाळी नवं विंडोज टाकताना मशीनने विचारलं होतं, हा संगणक यासाठी फार जुना आहे, जबाबदारी तुमची, पुढे जायचं का? प्रविणने मनातल्या मनात सही ठोकून 'होय' दाबलं.

विंडोज टाकायला शिकवणारा व्हिडिओ बघत त्याने डिस्कची रचनाही बदलली होती. व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं, की ती बदलल्यावर मशीनच्या आतल्या सेटिंगमध्येही एक बदल करायचा, नाहीतर मशीन उठणार नाही. प्रविण व्हिडिओचा शेवट बघत नसे. आता मोबाइलवर बघितला. सेटिंग उघडायला गेला, तर पासवर्ड! तो टाकलेला जुन्या लिपिकाने, ज्ञानोबा नानांनी. नाना जूनमध्ये निवृत्त झाले होते.

प्रविणने फोन लावला.

"नाना, कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगा की. लई अडचण हाय."

"कोन बोलतंय?"

"प्रविण."

"कोनता प्रविण? ज्या कॉलेजात माझा निरोप समारंभ झाला न्हाई, तिथला का?"

समारंभ 'पुढच्या आठवड्यात' ठरला होता. तो आठवडा अजून यायचा होता.

प्राचार्य मोहनरावांनी फोन हिसकावला. आधी दम दिला, मग गोड बोलले, मग बासष्ट पोरांच्या आईबापांची शपथ घातली.

"सर, मी फोनवर काय बी सांगत न्हाई," नाना शांतपणे म्हणाले. "मानानं बोलवा, मानानं येतो."

पावणेचारला स्टाफरूममध्ये समारंभ उभा राहिला. शाल पंधरा ऑगस्टच्या पाहुण्याची, तो आलाच नव्हता. नारळ मारुतीच्या देवळातून उसना. नाना इस्त्रीचे कपडे घालून आले, शाल पांघरून घेतली आणि मनोगताला उभे राहिले. सन एकोणनव्वदपासून त्यांनी सुरुवात केली. चार वाजून वीस मिनिटांनी ते शहाण्णवपर्यंत पोचले. प्रविण सारखा रुमालाने तोंड पुसत होता, आणि नानांना तो गहिवरल्यासारखा वाटला.

"नाना, पाया पडतो," शेवटी तो मधेच उठून खरोखर पाया पडला. "बासष्ट पोरं नापास होतील ओ. पासवर्ड!"

नानांनी शालीचं टोक सारखं केलं. "तो मला कुठं पाठ हाय? चार्ज देताना यादीत लिवून दिलाय. शेवटच्या पानावर, घंटा आन् पाण्याच्या टाकीच्या नोंदीखाली. तुझ्याच कपाटात हाय यादी."

"मग फोनवर काहून न्हाई सांगितलं?"

"फोनवर सांगितलं असतं तर शाल कुनी दिली असती बे?"

प्रविण धावला. यादी निघाली. शेवटच्या पानावर पासवर्ड सुवाच्य अक्षरात होता, आणि त्याच्याखाली प्रविणच्या हातचं: वाचले व समजले. सही, तारीख.

चार चाळीसला सेटिंग बदललं. मशीन कण्हलं, काळं झालं, पुन्हा कण्हलं आणि उठलं. फाईल जागेवर होती. चार चोपन्नला बासष्टचे बासष्ट मार्क चढले आणि पडद्यावर एक पानभर सूचना आली. खाली चौकोन: वरील सर्व वाचले व समजले.

प्रविणचं बोट माउसवर थांबलं. तो पहिल्या ओळीपासून ओठ हलवत वाचायला लागला.

"दाब की बे!" मागून मोहनराव किंचाळले. "सत्तावन्न झाले!"

"थांबा सर. चौथा मुद्दा चाललाय."

चार एकोणसाठला नोंद झाली. नाना अजून स्टाफरूममध्येच होते. ते सत्त्याण्णव सालात शिरले होते, आणि समोर बसलेल्या दोघा शिपायांना उठायचं कसं ते कळत नव्हतं.