तुसाच्या ढिगामागचा वाघ

नागभीडला वामनरावांची राईस मिल आहे. तिचा पहिला मॅनेजर वाघ होता. पट्ट्यापट्ट्यांचा, शेपटीसकट. वामनरावांच्या आजोबांच्या काळात तो थंडीत जंगलातून यायचा आणि गिरणीच्या अंगणातल्या तुसाच्या ढिगावर, उन्हाच्या बाजूला, ताणून द्यायचा. तूस आतून उबदार असतं हे वाघांना उपजत कळतं. पोती घेऊन निघालेले हमाल त्याची झोप मोडू नये म्हणून ढिगामागून वळसा घालायचे. चकार शब्द नाही, पायाचा आवाज नाही, मध्ये थांबणं तर नाहीच. काम इतकं झपाट्यानं व्हायला लागलं की आजोबांनी मुकादमाला घरी बसवलं आणि वाघाला दर दिवाळीला एक बकरा लावून दिला. बोनस नावाची गोष्ट आपल्याकडे तिथूनच सुरू झाली.

चंचलनं हे पहिल्याच दिवशी हमालांच्या म्होरक्याकडून, नानाजीकडून ऐकलं आणि तिचे कान टवकारले. वामनरावांची ही एकुलती एक मुलगी नागपूरला मॅनेजमेंट शिकून आली होती. माणसांकडून काम कसं करून घ्यावं याबद्दल जगानं आजवर काय काय उद्योग केले, यावर तिला एक अख्खा पेपर होता. त्यात घड्याळं होती, तक्ते होते, जपान होतं. वाघ कुठंच नव्हता.

वामनरावांनी तिला साफ सांगितलं होतं. "हे सिझन तुह्यं. व्यापाऱ्याचा तांदूळ कबूल तारखेले निघाला तं मिल तुह्या हाती. नाई निघाला तं गोंदियाचे शेठ तयारच हायेत. मी विकून मोकळा होतो."

आणि तांदूळ काही निघत नव्हता. गोदामाच्या दारापुढं ट्रक उभे, ड्रायव्हर ट्रकखाली झोपलेले, आणि पोती मात्र ढिगाला प्रदक्षिणा घालत निवांत येतायत. ढिगापुढून सरळ वाट होती, स्वच्छ, मोकळी. तिच्यावर कोंबडंसुद्धा फिरकत नव्हतं.

चंचल खोदायला लागली, तर एकाच अंगणात तिच्या पुस्तकातली सगळी प्रकरणं एकावर एक रचलेली सापडली. वाघानंतर वामनरावांच्या वडिलांनी एक घड्याळवाला साहेब आणला. तो भर उन्हात टोपी घालून उभा राहिला, पोत्यामागं किती वेळ लागतो ते मोजलं, आणि वळशाच्या वाटेचा वेळ हाच नियम म्हणून भिंतीवर लिहून गेला. सरळ वाटेनं किती लागेल हे त्यानं विचारलंच नाही. त्याला मोजायला बोलावलं होतं, विचारायला नव्हे. मग वामनराव स्वतः तरुणपणी जपानी पद्धतीचं शिबिर करून आले. त्यांनी वळशावर पिवळा पट्टा मारला, सकाळची कवायत सुरू केली आणि सूचनापेटी टांगली. पेटीत कोणाची तरी कोंबडी अंडी घालायला लागली, आणि तेवढीच एक खाण्याजोगी सूचना त्या पेटीतून निघाली. शेवटी आला कॉम्प्युटरवाला. त्यानं खांबावर कॅमेरा लावला. हमाल पिवळ्या पट्ट्यावरून गेला की मालकाच्या मोबाइलवर हिरवा ठिपका. असं करत करत वाघाच्या वळशाला प्रत्येक जमान्याचा शिक्का बसला होता.

"नानाजी, वाघ शेवटी कधी दिसला?"

"माह्या बापाले दिसला होता, बाई."

"मग आता काऊन फिरून राह्यले मागून?"

नानाजीनं खांद्यावरचं पोतं सावरलं. "सवय तं लागते न बाई. तुमी शिकलेले लोक, तुमाले काय सांगाव."

तिनं दुसऱ्या दिवशी चुन्याच्या फक्कीनं सरळ वाट आखली आणि जाहीर केलं, उद्यापासून इथून. उद्या उजाडलं. हमाल आले, फक्कीच्या रेघेपाशी थबकले, आणि पोती खाली ठेवून मागं सरकले. रेघेवर वाघाची पावलं उमटली होती. चांगली ताटलीएवढी.

"पाहा बाई," नानाजी हळू आवाजात म्हणाला. "आमी सांगतलं होतं."

दुसरी एखादी असती तर किंचाळली असती, नाहीतर वनखात्याला फोन लावला असता. चंचल गुडघ्यावर बसली. एक ठसा पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याशी नाक नेलं. मग तिनं वर बघितलं.

"नानाजी, सारे ठसे उजव्या पुढच्या पायाचे हायेत. वाघ काय लंगडी खेळत आला का?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. नानाजी गंभीरपणे आभाळाकडे बघू लागला.

चंचल उठली, हात झटकले, आणि पिवळ्या पट्ट्यावरून चालत ढिगाला वळसा घालून मागं गेली. आजवरच्या मॅनेजरांपैकी एकानंही हे केलं नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून ढिगामागचं काही दिसत नाही, आणि जे खिडकीतून दिसत नाही ते नसतंच, अशी सगळ्यांची ठाम समजूत होती.

मागं काय होतं? तुसात बसून बसून झालेली ऊबदार बैठक, बाभळीची सावली, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, खुंटीला हळू वाजणारा रेडिओ. गोदाम झाडणारी कमळा मधोमध बसून प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होती. तिच्याशेजारी एक ताटली आणि वाटी पालथी पडली होती, दोन्हींच्या काठाला फक्की.

"या बाई, बसा," कमळा जराही न गडबडता म्हणाली. "इथपर्यंत आलेल्या तुमीच पह्यल्या मॅनेजर. बाकीचे सारे वाघाले भेत होते."

चंचल तुसात बसली. खरोखरच आतून ऊब होती. रागावण्यासाठी तिनं तोंड उघडलं, पण बाहेर आला तो प्रश्नच. "घड्याळवाल्या साहेबाले कसं फसवलं?"

आता नानाजीलाही राहवेना. तो मागून आला आणि उकिडवा बसला. "फसवलं नाई जी. साहेब पुढं उभा राहे. एक जन इथी बसला का दुसरा त्याचं पोतं घेऊन निघे. साहेबाले पोते मोजाचे होते, मानसं नाई. माह्या बापानं सांगतलेलं हाय."

"आणि पिवळा पट्टा?"

"थो तं आमीच मागितला! म्हनलं, मालक, वाट चुकते."

"कॅमेरा?"

कमळानं खर्ऱ्याची पन्नी झटकली. "कॅमेऱ्याले मोतीबिंदू झाला बाई. इतकं तूस उडते, त्याचे डोये कोन पुसन?"

चंचल हसली, आणि हसता हसता थांबली. "मी इथं बाकं टाकून देते. वर टिनाचं शेड. आरामाची वेळ ठरवून देऊ, घंटी लावू."

"नको," कमळा म्हणाली. "घंटी झाली का बसा, घंटी झाली का उठा. त्याले आराम नाई म्हनत बाई. थे बी कामच."

मग चंचलनं आडपडदा ठेवला नाही. माल वेळेवर गेला नाही तर बाबा मिल विकणार. गोंदियाचे शेठ आले की सगळ्यात आधी हा ढीग उचलून वीटभट्टीला धाडतील. रेडिओ कोणीतरी बंद केला.

"मंग?" नानाजीनं विचारलं.

तिनं तुसात बोटानं ढीग काढला. पुढून एक रेघ, मागून एक. "पोतं पुढून जाऊ द्या. रिकामा मानूस मागून येऊ द्या. कोण किती बसते, कोण कव्हा उठते, ते तुमचं तुमी पाहा. मी इथं पुन्हा येणार नाई. कोनाले येऊ बी देणार नाई."

"मालकालेही?"

"कोनालेच नाई."

नानाजीनं कमळाकडे पाहिलं. कमळानं खर्ऱ्याची पन्नी चंचलपुढं धरली. चंचलनं चिमूटभर तोंडात टाकला, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, आणि करार झाला.

त्यानंतर पोती अशी धावायला लागली की ट्रकखालच्या ड्रायव्हरांना झोप पुरेना. एक तर आंघोळीला म्हणून बोअरवर गेला आणि परत येतो तो ट्रक भरून, ताडपत्री ताणून, हॉर्न वाजवत उभा. हॉर्न कोणी वाजवला हे आजतागायत कळलेलं नाही.

कबूल तारखेला वामनराव मिलमध्ये आले, तेव्हा शेवटच्या ट्रकचे दोर बांधणं चालू होतं. ते बराच वेळ बघत राहिले. भरलेली माणसं पुढून जात होती, रिकामी माणसं ढिगामागं गडप होत होती, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच बाजूनं हसत बाहेर पडत होती.

"कोनती पद्धत लावली तू?"

"माझी नाई, बाबा. त्यांची हाय."

"पाहू तं दे मागं काय हाय ते." वामनराव निघाले.

चंचल आडवी उभी राहिली. "मागं नाई जाचं, बाबा."

"पोरी, मालक हाव मी."

"आणि मॅनेजर मी. मी शब्द देल्ला त्याहिले."

अंगण थबकलं. दोर बांधणारे हात तसेच राहिले. ढिगामागं रेडिओ एकदम मुका झाला. वामनरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं, जिच्यामागं बसून त्यांनी अर्धं आयुष्य आधी पोती आणि मग हिरवे ठिपके मोजले होते. मग लेकीकडे पाहिलं. ती हललेली नव्हती.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि गोंदियाला लावला.

"नमस्कार शेठ. नाई, आता नाई जमत विकणं... माल? माल तं गेला... काऊन म्हंजे काय सांगू शेठ, नवी मॅनेजर ठेवली, थे आयकतच नाई माह्यं."