भारताची काठी

टॉन हे थायलंडच्या एका गायकाचं नाव आहे, हे वाडीतल्या बिभीषण आबांच्या गळी उतरवता उतरवता सुकन्याच्या नाकी नऊ आले.

"टन? उसाचा?"

"टन न्हाई हो आबा, टॉन!"

"त्येच की. आईबापानं टन नाव ठिवलंय मंजी गडी वजनदार आसंल."

गडी शेवग्याच्या शेंगेसारखा होता. केस निळे, कानात डूल. पाथर्डीजवळच्या वाडीत राहणारी, दहावीतली सुकन्या त्याच्यावर जीव ओवाळून टाकत होती आणि तसं चारचौघांत सांगतही होती. आधी सांगत नव्हती. पण यंदा स्नेहसंमेलनात तिनं त्याचं गाणं थाई शब्दांसकट म्हटलं. एकाही शब्दाचा अर्थ कुणाला कळला नाही, तरी टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून तिचा आवाज जो चढला तो उतरलाच नाही.

टॉन गाणार होता कोरियात. आशियातल्या देशोदेशींच्या पॉप गायकांचा जलसा दरवर्षी एका नव्या देशात भरतो, त्यात. जपानचे येणार, व्हिएतनामचे येणार, मंगोलियाचेसुद्धा. टॉन गात असताना मागच्या अवाढव्य पडद्यावर एकेका देशातले चाहते थेट दिसणार होते. सुकन्यानं वर्गातल्या पोरींना गोळा करून लेझमीच्या ठेक्यावर "टॉन! टॉन!" असा ओरडा केला आणि त्याचं शूटिंग जलशाच्या आयोजकांना धाडून दिलं. ते निवडलं गेलं. पडद्यावर आपलं तोंड दिसणार आणि ते टॉन बघणार, एवढंच तिच्या डोक्यात. दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

अट एकच होती. हातात लाईटची काठी पाहिजे. तिकडचे चाहते हातभर लांबीची उजेडाची काठी हलवतात, तशी.

वाडीत काठी म्हटलं की आबाच. ते नाथाच्या यात्रेत दरसाल वाडीची मानाची काठी धरायचे; दोन गावांच्या काठ्या समोरासमोर आल्या की टोकाला टोक लावून त्यांची भेट घडवायची, ही तिथली रीत. सुकन्या त्यांच्यापाशी गेली आणि गोड बोलायला गेली, तिथंच घोटाळा झाला.

"आबा, परत्येक देशाची काठी आसती तिथं. भारताचा मान आपल्याला मिळालाय. एक काठी करून द्या की. लाईटची."

'मान' हा शब्द तिनं लोणी लावायला वापरला होता. आबांनी तो तसा घेतला नाही. ते उठून बसले, टोपी नीट केली.

"भारताचा? मंजी आख्ख्या भारताचा?"

"मग काय!"

"सोड माझ्यावर."

कार्यक्रमाच्या दिवशी दिवस मावळायला पोरी माळावर जमल्या आणि तिथंच थबकल्या. आबा नवा फेटा बांधून उभे होते. कमरेच्या पट्ट्यात रोवलेला बांबू तीन माणसांच्या उंचीचा. त्याला बुडापासून शेंड्यापर्यंत मांडववाल्या कल्याणकडून आणलेल्या लाईटच्या माळा गुंडाळलेल्या, टोकाला मोरपिसांचा झुबका, आणि वायर ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेली. सगळी काठी लाल-हिरवी लुकलुकत होती.

"अगं बाई," रेश्मा म्हणाली. मोबाईल धरायचं काम तिच्याकडं होतं. "सुकन्ये, तुझ्या टनाचं लगीन हाय का आज?"

"गप बस."

"आबा, ही हातात मावायची होती!" सुकन्या कळवळली.

"मानाची काठी हातात मावती व्हय? खुळी का काय!"

वेळ नव्हता. मोबाईल वाजला. पलीकडून एक बाई इंग्रजीत घाईघाईनं बोलू लागली: जवळ या, चेहरे दिसू देत, आता तुमचाच नंबर.

पोरी जवळ सरकल्या. सुकन्या मधोमध, नवी टिकली, केसांना निळी रिबीन. मोबाईलमध्ये तिचं तोंड टपोरं दिसत होतं. तिच्या कानामागं बांबूचं नुसतं एक पेर दिसत होतं आणि आबांचा अर्धा फेटा.

आबा दम धरून, मान ताठ ठेवून उभे होते. काठी हेलकावे खात होती, दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. आपण पडद्यावर दिसणार नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुकन्यानं मोबाईलकडं पाहिलं, मग आबांकडं. परत मोबाईलकडं.

"रेश्मे, मागं जा."

"का?"

"जा म्हनते ना! आजून. आजून मागं."

"मागं बाभळ हाय!"

"मग बाभळीत जा!"

रेश्मा शिव्या घालत बाभळीत गेली. मोबाईलमध्ये पोरी मुंग्यांएवढ्या झाल्या आणि काठी बुडापासून मोरपिसांपर्यंत आख्खी मावली. तेवढ्यात कोरियातला पडदा उजळला. लाखभर माणसांच्या डोक्यावर लाल-हिरवी काठी लुकलुकू लागली आणि खालच्या गर्दीनं "ओऽऽ" केलं. टॉन वळला. त्यानं वर बघितलं, हसला आणि हातातली उजेडाची काठी पडद्याकडं झुकवली. मोबाईलमध्ये ते बघून रेश्मा बाभळीतून ओरडली, "टन काठी वाकवतोय!"

"भेट मागतोय!" आबा ओरडले, आणि त्यांनी आख्खा बांबू त्याच्या दिशेनं वाकवला. दोन काठ्या टोकाला टोक भिडल्यासारख्या दिसल्या. मग पडद्यावर इंडोनेशिया आला.

नंतर सगळ्यांनी ते परत परत बघितलं.

"ह्यात मी कुठली?" सुकन्यानं विचारलं.

"डावीकडून तिसरा ठिपका," अंगातले काटे काढत रेश्मा म्हणाली. "वाकडा हाय तो."

सुकन्यानं त्यातला एक फोटो काढून स्टेटसला ठेवला. ठिपक्याकडं बाण काढला आणि लिहिलं, 'मी'.

आबा फेटा सोडत होते. "गडी रीतीचा हाय तुझा टन. काठी कशी भेटवायची त्ये कळतंय त्याला. फुडल्या साली यात्रा कुठं?"

"जपानला."

"मग ह्यो बांबू जड पडतोय. दुसरा आत्ताच तोडून वाळत घालावा लागंल."

सुकन्यानं तोंड उघडलं. हातभर लांबीची, असं ती सांगणार होती.

"घाला," ती म्हणाली. "पन रेश्मासाठी एक शिडी बी बघा."