वाचता न येणारं गाव

मुलीने कागद हातात घेतला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच परत पुढे केला.

“नाही येत.”

“सगळं नको वाचूस,” बाई म्हणाल्या. “ही नुसती अक्षरं आहेत. यातलं तुला आवडेल ते एक सांग.”

मुलीने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढू लागली. तिच्या मागे आतल्या दाराच्या चौकटीला टेकून तिची आई उभी होती. हातातलं ओलं फडकं तिने इतकं पिळलं होतं, की त्यातून आता थेंबही पडत नव्हता.

बाहेर ओट्यावर बसलेल्या बाईंच्या नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि आत डोकावून पाहिलं.

“काय लिहू?”

“थांबा जरा.”

“सकाळपासून थांबतोच आहे,” तो म्हणाला. “माझ्या गुडघ्यांनीसुद्धा आता विचारायचं सोडलं.”

बाईंची सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या दर वर्षी या पाहणीच्या कामाला येऊ लागल्या. कुठल्या गावात किती मुलं शाळेत जातात आणि जाणाऱ्यांना खरोखर काय वाचता येतं, एवढंच पाहायचं. शाळेत नाही, घरी जाऊन पाहायचं. घरंही आपल्या मनाने निवडायची नाहीत. गावाच्या मध्यावर उभं राहायचं, डावा हात धरून चालायचं आणि मधली चार घरं सोडून पाचव्या घरात जायचं. नवऱ्याचा जन्म जमीन मोजण्याच्या खात्यात गेलेला, त्यामुळे ही शिस्त त्याला मानवली होती. जमीन मोजली की दोन घरं भांडतात, पोरं मोजली की कोणी भांडत नाही, म्हणून मी आलो, असं तो सगळ्यांना सांगायचा. बाई मुलांपुढे बसायच्या, तो लिहायचा.

आज लिहिण्यासारखं काही नव्हतंच. ज्या ज्या घरात गेले तिथली मुलं शाळेत जात होती. नावं होती, गणवेश होते, दप्तरं होती. आणि एकालाही अक्षर ओळखता येत नव्हतं. दुसरीतल्या मुलाला नाही, सातवीतल्या मुलीलाही नाही. प्रत्येकाने कागद घेतला, एकदा पाहिलं आणि परत दिला.

“शाळा आहे की कोंडवाडा?” मागच्या घरातून निघताना नवरा म्हणाला होता. “तुझ्या वर्गात तर दगडसुद्धा सहामाहीपर्यंत वाचायला लागायचा.”

बाईंना शाळा आठवत होती. सकाळी सगळ्यांत आधी त्या तिथेच गेल्या होत्या. वर्ग झाडलेला होता, फळा स्वच्छ होता. मास्तर तरुण होता आणि त्याच्या बोटांच्या पेरांत खडू भरलेला होता. जो शिकवत नाही त्याची बोटं अशी नसतात. पण भिंतींवर काहीच नव्हतं. नीट पाहिल्यावर दिसलं, की रंग उडालेल्या भिंतीवर ठिकठिकाणी कागदाच्या आकाराचे उजळ चौकोन होते. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची ताजी भोकं होती. कालपरवापर्यंत तिथे मुलांचं काहीतरी लावलेलं होतं.

“इथलं काढलंत?” त्यांनी विचारलं होतं.

“रंग द्यायचाय,” मास्तर म्हणाला होता, आणि मग जरा वेळाने, “बाई, मुलांवर रागावू नका.”

आता नवऱ्याने आईला ठरलेला प्रश्न विचारला. “तुमच्या चुलीवर जेवणारी मुलं किती? पाहुणी नकोत, परगावी राहणारी नकोत. रोज इथे जेवणारी.”

“एकच.”

मुलीने झटकन मान वर करून आईकडे पाहिलं.

“एकच,” आई पुन्हा म्हणाली. या वेळी ती मुलीकडे पाहून बोलली.

बोलताना ती चौकटीपासून जरा बाजूला सरकली. लाकडावर चाकूने ओढलेल्या आडव्या खुणा बाईंना दिसल्या. वाढत्या मुलांची उंची मोजतात तशा. त्यांच्या दोन ओळी होत्या. डावीकडच्या ओळीतली सगळ्यांत वरची खूण ताजी होती, लाकूड आतून पिवळं दिसत होतं. उजवीकडची ओळ तिच्याहून बरीच वर गेली होती आणि तिथे थांबली होती. तिची शेवटची खूण धुराने काळी पडली होती.

बाईंनी कागदाची मागची बाजू वर केली. तिथे गोष्ट होती. ती त्यांनी मुलीच्या मांडीवर ठेवली.

“जरा धर हं. माझा रुमाल कुठे गेला बघते.”

त्या पिशवीत वाकल्या आणि रुमाल शोधत राहिल्या. रुमाल त्यांच्या कमरेला होता. पिशवीच्या काठावरून त्यांना मुलीचे डोळे दिसत होते.

डोळे आधी दाराबाहेर होते. मग कागदावर आले, जसे कुठल्याही मुलाचे चित्राकडे जातात. पण चित्रापाशी थांबले नाहीत. डावीकडून उजवीकडे गेले, परत डावीकडे येऊन एक ओळ खाली उतरले. पुन्हा गेले, पुन्हा आले. अडखळत नव्हते. चौथ्या ओळीत दुकानदार गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असतो आणि मागून शेळी त्याची टोपी खाऊन टाकते. तिथे मुलीच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. तिने तो दातांखाली धरला.

शाब्बास हा शब्द बाईंच्या जिभेवर आला होता. एवढ्या वर्षांची सवय ती. त्यांनी तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात आई दोन पावलांत पुढे आली आणि तिने कागद काढून घेतला.

“खाली बघू नकोस म्हटलं होतं ना तुला?”

मुलीचा चेहरा पांढरा पडला. आईने कागद उलटा करून बाईंच्या हातात दिला. फडक्याची ओल त्याला लागली.

“नाही येत तिला. लिहा तसं. सगळ्यांचं लिहिलंत ना, तिचंही लिहा.”

“बाळ,” बाई मुलीला म्हणाल्या, “बाहेर आजोबा बसलेत ना, त्यांना पाणी देतेस? थंड दे. नाहीतर गुडघ्यांची कथा ऐकवतील तुला.”

मुलगी तांब्या घेऊन बाहेर गेली. आत दोघीच उरल्या. छपराच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी दोघींच्या मधे पडली होती.

“ओळखलंत तुम्ही,” आई म्हणाली.

“हो.”

“बाकीच्यांचंही?”

“त्यांचं नव्हतं ओळखलं. आता कळतंय.”

आई खाली बसली.

“मागल्या साली असेच दोघं आले होते. बाई आणि बाप्या. अशीच पिशवी होती, असेच कागद. पोरांना वाचायला लावलं. थोरली माझी चुलीपाशी होती, लाजत होती. मीच म्हटलं तिला, जा गं, पाहुण्यांना गोष्ट वाचून दाखव. मीच ढकललं.” तिने हाताने ढकलून दाखवलं. हात तसाच हवेत राहिला. “खूप कौतुक केलं त्यांनी. म्हणाले, हुशार मुलगी इथे कुजायची नाही. शहरात वसतिगृह, शिक्षण, सगळं फुकट. आठवड्याने गाडी आली. गावातल्या ज्या ज्या पोरी चांगलं वाचत होत्या, तेवढ्याच नेल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या आया रडत होत्या, आमच्या पोरींना का नाही म्हणून.”

“मग?”

“आधी फोन यायचा. ‘आई, मी बरी आहे,’ एवढंच बोलायची. मागून कोणीतरी सांगितल्यासारखं. नंतर तोही बंद झाला. शहरात जाऊन आलो आम्ही. त्या पत्त्यावर टायरचं दुकान आहे.”

“पोलीस?”

“त्यांनी विचारलं, कागदावर सही कोणाची? सही माझीच होती. आधी अंगठाच उठवायचे मी. थोरलीनेच शिकवली होती मला सही.”

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. तो मुलीला सांगत होता, की जमीन मोजायची साखळी इतकी लांब असते, की तिचं एक टोक धरणारा माणूस दुसऱ्याला कधी ओळखतच नाही. मुलगी हसली.

“शाळेत जाते ना ही?” बाईंनी विचारलं.

“जाते तर. मास्तर जीव तोडून शिकवतो. त्यानेच सांगितलंय सगळ्यांना. बाहेरचं माणूस कागद घेऊन आलं, की तुम्हाला काही येत नाही. मी म्हटलं, मास्तर, तुझ्यावर ठपका येईल, शाळा काढून घेतील तुझ्याकडून. तर म्हणाला, येऊ दे.”

बाई उठल्या. आजवर त्यांनी एकाही मुलाच्या नावापुढे खोटं लिहिलं नव्हतं. येत नसलेलं येतं म्हणून नाही आणि येत असलेलं येत नाही म्हणून तर मुळीच नाही. त्या ओट्यावर आल्या. नवऱ्याने पेन उघडलं.

“अक्षरओळख नाही,” त्या म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी तो एवढ्या मोठ्याने बोलत होता, पण दार उघडंच होतं आणि त्याचे कान गुडघ्यांसारखे नव्हते. त्याने रकान्यात खूण केली, ठळक, दोनदा गिरवून.

“नियमात बसत नाही,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे.”

“मला माहीत आहे हे तुला माहीत असावं, म्हणून म्हटलं.”

मुलगी रिकामा तांब्या छातीशी धरून उभी होती. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या उतरल्या.

उरलेल्या घरांत त्यांनी कागद दिला आणि मुलाने पाहायच्या आत परत घेतला. नवरा खुणा करत गेला. काम लवकर संपलं.

फाट्यावर एक पांढरी गाडी उभी होती. तिला टेकून उभा असलेला माणूस त्यांना पाहताच सावरून उभा राहिला. त्याच्या बुटांना या रस्त्याची धूळ लागलेली नव्हती.

“नमस्कार मॅडम. दमलात ना? या उन्हात, या वयात. मानलं तुम्हाला.” त्याने गाडीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. नवऱ्याने ती घेतली नाही. “आपलं काम एकच आहे तसं. आम्ही मुलींसाठी करतो. हुशार मुलगी खेड्यात राहिली की वाया जाते. शहरात वसतिगृह आहे आमचं. कोणी सापडली का या गावात, बरी वाचणारी?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“एकही नाही?”

“एकही नाही. कोणालाच अक्षर येत नाही.”

माणूस नवऱ्याकडे वळला. बाईंनीही पाहिलं. खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचा नवरा घरात आजारपणाचं निमित्तही सांगू शकत नसे.

“दगड आहेत, दगड,” नवरा म्हणाला. “त्या मास्तरला आधी घरी बसवा. काय शिकवतो कोण जाणे. अहो, एका पोराने तर कागद उलटा धरला होता!”

माणूस मनापासून हसला. “काय करणार. काही गावं तशीच असतात.” त्याने बाटली परत गाडीत ठेवली. “बरं, हरकत नाही. वरच्या गावी परवा तुम्हीच होतात ना? चहाच्या टपरीवर तुम्ही सांगत होतात मॅडम, मी मागच्या बाकावर होतो. पिठाच्या गिरणीशेजारच्या घरातली एक मुलगी म्हणे घडाघडा वाचते, बातम्या देणाऱ्या बाईसारखी. फार आनंदाने सांगत होतात. ऐकूनच बरं वाटलं. तुमच्यासारख्यांमुळे आमचे किती कष्ट वाचतात, तुम्हाला कल्पना नाही.”

नवऱ्याने खिशातून फोन काढला, उंच धरला, वळून दुसरीकडे धरला आणि पुन्हा खिशात ठेवला. बस यायला अजून बराच अवकाश होता. वरच्या गावाचा रस्ता टेकडीला वळसा घालून जात होता. पायी निघालं तर संध्याकाळ झाली असती.

“चला, तिकडेच निघतो,” माणूस म्हणाला. “तुम्हाला कुठे सोडू का?”

“हो,” बाई म्हणाल्या. “आम्हालाही वरच्या गावीच जायचंय. एक घर राहिलंय तिथलं.”

माणसाचं हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी राहिलं.

“बसा ना.”

बाईंनी पुढचं दार उघडलं आणि पिशवी मांडीवर घेऊन त्या त्याच्या शेजारच्या जागेवर बसल्या. नवरा मागे चढला. गुडघ्यांबद्दल तो काही बोलला नाही. माणूस वळसा घालून आपल्या दाराकडे येत होता, तेवढ्या वेळात नवरा पुढे वाकला.

“कोणतं घर राहिलंय?”

“सगळीच,” बाई म्हणाल्या. “सावध करायची.”

माणूस आत बसला. काचा आपोआप वर गेल्या आणि चारही दारांच्या कड्या एकदम लागल्याचा आवाज झाला. बाईंनी पट्टा ओढून घेतला आणि त्या समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.